कारागिरांसोबत काम करायचंय? फेलोशिपच्या अर्जापासून निरोपाच्या दिवसापर्यंत

कोल्हापूरजवळच्या एका गावात चपला शिवणाऱ्या मामांच्या ओसरीवर मी पहिल्यांदा बसले, तेव्हा माझ्या पिशवीत चाळीस स्केचेस होती. रंगीत पट्टे, नवे बंद, शहरातल्या मुलींना आवडतील अशी नाजूक पायताणं. मामांनी कातडं कापायची रापी बाजूला ठेवली, हात पुसले, सगळी पानं शांतपणे उलटली आणि म्हणाले, "डिझाइन लई हाईत बघा. गिऱ्हाईक कुठाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या वर्षभरात जे शिकले त्याचा बराचसा भाग त्या प्रश्नाचं उत्तर शोधण्यातच गेला. डिझाइन, आर्किटेक्चर किंवा फॅशनचं शिक्षण घेतलेली मुलंमुली हल्ली विचारतात, की गावात, कारागिरांसोबत काम करायला फेलोशिप (ठरावीक मुदतीच्या कामासाठीचं विद्यावेतन) मिळते का, अर्ज कसा करायचा, तिथे जाऊन नेमकं करायचं काय. त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. उदाहरण सगळीकडे कोल्हापुरी चपलेचंच घेतलंय, कारण मला तेच जवळून माहीत आहे. तुम्ही बुरुडांसोबत बांबूवर काम करणार असाल किंवा पैठणच्या मागावर, तर शब्द बदला. हिशेब तोच राहील.

कुठल्या फेलोशिपच्या वाटेला जायचं

"फक्त डिझायनरसाठी" अशी पाटी लावलेल्या फेलोशिप आपल्याकडे मोजक्याच. अमेरिकेत २००० साली रोझ फेलोशिप सुरू झाली. तरुण आर्किटेक्टला वस्तीत परवडणारी घरं उभारणाऱ्या स्थानिक संस्थेत नेमायचं, त्याने तिथल्या लोकांसोबत राहून काम करायचं, अशी तिची रचना. आपल्याकडे ही रचना ग्रामीण विकासाच्या फेलोशिपमध्ये सापडते, आणि डिझायनरने त्यातूनच वाट काढायची असते.

सगळ्यात ओळखीची म्हणजे एसबीआय यूथ फॉर इंडिया. २०११ साली सुरू झाली, कालावधी १३ महिने, वयाची अट २१ ते ३२, पदवी हवी. शिक्षण, आरोग्य, पाणी अशा विषयांसोबत पारंपरिक कारागिरी हा त्यांचा एक स्वतंत्र विषय आहे, आणि डिझायनरची जागा तिथे. गावात तुम्हाला एखाद्या भागीदार संस्थेच्या छत्राखाली राहावं लागतं. त्यात पुण्याची बाएफ आहे, मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला सुरू केलेली. नोंदणी, ऑनलाइन प्रश्नोत्तरं, मग मुलाखत असा क्रम असतो. एक गोष्ट मनाशी पक्की करून अर्ज भरा: जागा आणि प्रकल्प भागीदार संस्थेच्या गरजेवर ठरतात. "मला कोल्हापूरच हवं" म्हणून अडून बसलात तर ओडिशातलं किंवा राजस्थानातलं चांगलं काम हातचं जाईल.

दुसरी वाट संस्कृती मंत्रालयाची. ज्युनिअर फेलोशिप २५ ते ४० वयाच्या लोकांसाठी, दरमहा १० हजार रुपये. सीनिअर चाळिशीपुढच्यांसाठी, दरमहा २० हजार. दोन्ही दोन वर्षांच्या. इथे कल अभ्यासाकडे आणि नोंदी करण्याकडे असतो, आणि डोक्यावर संस्थेचं छप्पर नसतं. बंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सची अनुदानं कलेच्या अंगाने जाणाऱ्या प्रकल्पांना बरी. मुख्यमंत्री फेलोशिपचं नाव अनेक जण घेतात, पण ती शासनाच्या कारभारात काम करण्यासाठी आहे. ओसरीवर बसून चप्पल शिवायला शिकायचं असेल तर तिच्या मागे लागू नका.

माझं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने संस्था पाठीशी असलेली फेलोशिपच घ्यावी. एकट्याने गावात जाऊन खोली मिळवण्यात, ओळखी करण्यात आणि "ही बाई नक्की कोण" या प्रश्नाला तोंड देण्यात तीन महिने सहज जातात. संस्थेच्या जुन्या कार्यकर्त्याच्या गाडीवर मागे बसून गेलात की तेच काम तीन दिवसांत होतं.

अर्जाआधी दोन दुपारी खर्च करा

अर्जाचा फॉर्म उघडण्याआधी आपल्याच गावातल्या एखाद्या कारागिराकडे जा. बुरूड, कुंभार, कासार, गादीवाला, कुणीही. दोन दुपारी नुसतं बसा. फोटो काढू नका. घरी येऊन एक पान लिहा: कच्चा माल कुठून येतो, एका वस्तूला किती वेळ लागतो, कुठलं काम घरातलं कोण करतं, माल कोण उचलतं, पैसे कधी मिळतात.

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याने १९५८ साली भारत सरकारला एक अहवाल दिला. अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था १९६१ साली त्यातूनच उभी राहिली. त्या अहवालात त्यांनी सगळ्यात जास्त कौतुक केलं ते आपल्या साध्या लोट्याचं. त्यात किती पाणी मावतं, डोक्यावर की कमरेवर नेतात, रिकामा आणि भरलेला हातात कसा बसतो, ओतताना धार कशी पडते, किंमत किती, मोडीत काय येतं, असे प्रश्न त्यांनी मांडले. आपल्या घरातल्या सुपाला हेच प्रश्न विचारून बघा. सूप पाखडताना पुढची कड जमिनीकडे किती झुकते, तिथे कामट्या का आडव्या घातलेल्या असतात, शेणाने का सारवतात. एवढं एक पान नीट जमलं तर पोर्टफोलिओत तुमच्या कॉलेजच्या चकचकीत प्रोजेक्टपेक्षा त्याचं वजन जास्त पडेल. निवडणाऱ्यांनी चकचकीत पानं शेकड्याने पाहिलेली असतात.

प्रस्ताव लिहिताना

माझा पहिला मसुदा मी जपून ठेवलाय, इतरांना हसण्यासाठी. त्यातलं एक वाक्य असं: "लुप्त होत चाललेल्या कोल्हापुरी चपलेच्या कलेला समकालीन डिझाइनच्या माध्यमातून पुनरुज्जीवन देऊन कारागिरांचं सक्षमीकरण करणे." यातला एकही शब्द तपासता येत नाही. शिवाय कोल्हापुरी चप्पल लुप्त होत नाहीये. शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाइनीत दिवाळीच्या आधी पाय ठेवायला जागा नसते. अडचण वेगळीच आहे: चप्पल विकली जाते, पण शिवणाऱ्याच्या हातात पुरेसं पडत नाही, म्हणून त्याचा मुलगा शिवायला बसत नाही.

नंतरचा मसुदा साधारण असा होता: "गावातली दहा घरं निवडून, प्रत्येक घरात एका जोडाला लागणारा वेळ आणि खर्च तीन महिने रोजच्या रोज नोंदवेन. स्त्रियांनी केलेल्या वेणीच्या आणि शिवणीच्या कामाची नोंद वेगळी ठेवेन. त्या हिशेबावरून तीन नमुने करेन, ज्यांत कारागिराला तासाला मिळणारे पैसे आत्तापेक्षा जास्त असतील. नमुने कुठले ठेवायचे हे घरं ठरवतील." हे वाचून विचारता येतं: दहाच घरं का? नोंद कोण करणार? तासाचे पैसे वाढले नाहीत तर? असे प्रश्न निघाले म्हणजे समोरच्याने प्रस्ताव नीट वाचलाय.

प्रस्तावात चार गोष्टी नक्की हव्यात. कुणासोबत काम करणार. काय मोजणार. तुम्ही निघून गेल्यावर कुणाच्या हातात काय राहणार. आणि काय करणार नाही. चौथी गोष्ट लोक विसरतात. "मी नवा ब्रँड काढणार नाही, विक्रीची जबाबदारी माझ्या नावावर घेणार नाही" असं एक वाक्य लिहिलंत तर मुलाखतीतला अर्धा ताण जातो.

वेळापत्रक ऋतू बघून आखा. कोल्हापुरी चप्पल पावसात घालत नाहीत, भिजली की कातडं फुगतं आणि आकार जातो. त्यामुळे पावसाळ्यात खप मंदावतो, कातडंही नीट वाळत नाही. दसऱ्यापासून हात चालू होतात, दिवाळी आणि लग्नसराईत कारागिराला बोलायला फुरसत नसते. तुमच्या तेरा महिन्यांत पावसाळा कुठे येतो ते बघा, आणि बसून शिकण्याचं, नमुने करण्याचं काम तिथे टाका. ऐन दिवाळीत "जरा एक नमुना करू या का" म्हणून गेलात तर मामा हसून चहा पाजतील, पण नमुना काही होणार नाही.

मुलाखत

थोडक्यात सांगते. पोर्टफोलिओवर प्रश्न कमी येतात. येतात ते असे: गावात राहिला आहात का, घरचे काय म्हणतात, काम जमलं नाही तर काय कराल, संस्थेतल्या वरिष्ठांशी पटलं नाही तर. "मला लोकांना मदत करायची आहे" हे उत्तर टाळा. त्याऐवजी तुमचं ते एक पान काढा आणि बुरूडदादांकडे दोन दुपारी काय दिसलं ते सांगा. जे येत नाही ते येत नाही म्हणा. मला विचारलं होतं, कातडं कमावायला किती दिवस लागतात. मला माहीत नव्हतं, तसं सांगितलं. निवड झाली. (उत्तर: झाडाच्या सालीने कमावलेल्या कातड्याला महिन्याहून जास्त. चुन्यात भिजवून केस काढलेलं कातडं पिशवीसारखं शिवतात, आत बाभळीची साल आणि हिरड्याचं पाणी भरतात आणि टांगून ठेवतात. ते झिरपत झिरपत कातडं तयार होतं.)

पैशांबद्दल एवढंच: विद्यावेतन वेळेवर येईलच असं धरून चालू नका. माझं पहिलं अडीच महिने उशिरा आलं, कारण एका कागदावर एक सही राहिली होती. दोन महिन्यांचं भाडं आणि जेवण निघेल इतकी रक्कम खात्यात ठेवूनच घर सोडा. विमा कुणाचा, प्रवासखर्च कुणाचा, नमुन्यांच्या कच्च्या मालाचे पैसे कुठून, हे तीन प्रश्न रुजू होण्याआधी लेखी विचारा. नमुन्याचं कातडं कारागिराच्या खिशातून जाणार असेल तर तो प्रकल्प घेऊच नका.

पहिले दोन महिने: हात चालवा, तोंड बंद ठेवा

गावात जाऊन पहिल्याच आठवड्यात "कार्यशाळा" भरवण्याचा मोह होतो. संस्थेलाही अहवालात लिहायला काहीतरी हवं असतं. टाळा. त्याऐवजी एका घराला विचारा, "मला शिकवाल का?" चप्पल शिवायला बसा. पहिला तळ माझ्या हातून इतका वेडावाकडा कापला गेला की मामांच्या घरातल्या वहिनींनी तो दाराच्या अडसराला वापरला. पण त्या दोन महिन्यांत शब्द कळले, आणि शब्द कळल्याशिवाय या कामात काही कळत नाही. तळ, पट्टा, अंगठा, दोन्ही बाजूंचे कान, वरची वेणी, गोंडा. कापायला रापी, भोक पाडायला आरी, आकाराला फर्मा. जुन्या पद्धतीच्या जोडाला खिळा नसतो, कातड्याच्याच वादीने शिवतात. कापशी, कुरुंदवाडी, बक्कलनळी, पुकारी ही नावं फक्त ऐकून उपयोग नाही, अंधारात हात फिरवून ओळखता आली पाहिजेत. करकर वाजणाऱ्या चपलेत दोन तळांच्या मध्ये बी दडवलेलं असतं, त्याला विंचू म्हणतात. हे मला चार वर्षं डिझाइन शिकून माहीत नव्हतं. तिथल्या आठ वर्षांच्या पोराने सांगितलं.

जातीबद्दल डोळे उघडे ठेवून जा. कातडं कमावणारे आणि चप्पल शिवणारे परंपरेने वेगळे समाज आहेत, वस्त्याही वेगळ्या असतात. गावातल्या कुणी "तिकडं कशाला बसता, इथं बोलवून घेऊ की" म्हटलं तर त्याचा अर्थ समजून घ्या आणि तिकडेच बसा. तिथे दिलेला चहा प्या, समोर आलेलं जेवण जेवा. हे वेगळं लिहावं लागतं याचंच वाईट वाटतं, पण लिहावं लागतं.

बोलताना वयाने मोठ्यांना मामा, मावशी, आक्का. कामाची माणसं म्हणून सगळ्यांना अहो-जाहो. "कारागीर बंधू" वगैरे फक्त भाषणात. आणि मोबाइल खिशात ठेवा. महिनाभर फोटो न काढलेल्या डिझायनरवर घरं जितका विश्वास ठेवतात, तितका कुठल्याही ओळखपत्रावर ठेवत नाहीत.

हिशेबाची वही

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून इथे थोडा वेळ थांबते. एक साधी दोनशे पानी वही घ्या. रोज, एका घरात, एका जोडाला किती वेळ गेला ते लिहा. कोणी किती वेळ काम केलं ते वेगळं लिहा. कापणं, ठोकणं, तळ जोडणं बहुतेक पुरुष करतात. वेणी, शिवण, गोंडे घरातल्या बायका, स्वयंपाक आणि पोरं सांभाळून. त्यांचा वेळ कुणी धरत नाही. विचारलं तर त्याच म्हणतात, "ते काय, बसल्या बसल्या व्हतंय." बसल्या बसल्या झालेले दोन तास वहीत लिहा.

आता एक हिशेब करून दाखवते. आकडे समजुतीसाठी घेतले आहेत, तुमच्या गावचे वेगळे असतील.

समजा एका जोडाला ४५० रुपयांचं कातडं लागतं, धागा-रंग-पॉलिशचे ६०. मामांचे पाच तास, वहिनींचे दोन. दुकानदार जोडाला ८०० देतो. ८०० मधून ५१० गेले, राहिले २९०. सात तासांनी भागा: तासाला साधारण ४१ रुपये.

आता तुम्ही येता आणि एक सुंदर दुहेरी वेणी सुचवता. कातडं वीस रुपयांचं वाढलं, वहिनींचे दोन तास वाढले. दुकानदाराला नमुना आवडला, त्याने ८० रुपये जास्त दिले. तुम्ही अहवालात लिहिलं: "डिझाइनमुळे किमतीत दहा टक्के वाढ." खरं काय झालं? ८८० मधून ५३० गेले, ३५० राहिले, तास नऊ. तासाला ३९ रुपये. किंमत वाढली, मजुरी घसरली, आणि घसरली ती नेमकी वहिनींच्या वेळावर. मी हे केलं आहे. खुशाल एका प्रदर्शनात मांडलंही आहे, टाळ्याही घेतल्या आहेत.

तिसरी शक्यता बघा. नवी वेणी नाही, नवा रंग नाही. फक्त कातड्यावर फर्मे मांडण्याची रीत बदलली, लहान मापाचे तुकडे मोठ्यांच्या फटीत बसवले, आणि पाच जोडांच्या कातड्यात सहा निघाले. जोडाला कातडं ४५० ऐवजी ३७५. दुकानदार तेच ८०० देतो. ३६५ राहिले, तास सातच. तासाला ५२ रुपये. याचा फोटो काढता येत नाही, पुरस्कारही मिळत नाही. (जुने कसबी कारागीर हे आधीपासूनच करत असतात, तेव्हा शिकवायला जाऊ नका, आधी बघा. काही वेळा एकाच गावात एका घराला ही युक्ती येते आणि शेजारच्याला येत नाही. तेव्हा तुमचं काम फक्त दोन घरांना एका ओसरीवर बसवण्याचं.)

वहीतून आणखी दोन गोष्टी बाहेर येतात. एक, कच्चा माल उधारीवर येतो का. उधारीवर कातडं देणाराच तयार माल घेत असेल तर दर तोच ठरवतो, आणि तिथे तुमचं कुठलंही स्केच चालत नाही. दुसरी, महिन्यातले किती दिवस हात रिकामे असतात. उधारीचा फास असेल तर सरकारी योजनांचा कागद वाचणं हेच तुमचं डिझाइनचं काम होऊन बसतं. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतल्या १८ व्यवसायांत चर्मकार आणि पादत्राणं बनवणारे येतात: हत्यारांसाठी १५ हजारांपर्यंत, आणि ५ टक्के व्याजाने आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज. राज्यात १९७४ पासून चर्मोद्योग महामंडळ, म्हणजे लिडकॉम, आहे. हस्तकला विभागाचं कारागीर ओळखपत्र काढलेलं असलं की सरकारी प्रदर्शनात गाळा मिळवणं सोपं जातं. माझ्या वर्षातले किमान तीस दिवस रांगांत, झेरॉक्सच्या दुकानात आणि आधारला मोबाइल जोडण्यात गेले. त्याचा पश्चात्ताप नाही.

नमुने: तीन पुरेत

वही तीन महिने भरली की मगच पेन्सिल उचला. घरांसमोर स्केच ठेवण्यापेक्षा अडचण ठेवा. "शहरातल्या गिऱ्हाइकाचं म्हणणं, पहिले आठ दिवस अंगठ्यात चावते. काय करता येईल?" यावर मामांकडे तीन उत्तरं होती: अंगठ्याचं कातडं आदल्या रात्री तेलात ठेवायचं, शिवण वरून न घेता बाजूने घ्यायची, नाहीतर आत बकऱ्याच्या मऊ कातड्याचं अस्तर. माझ्याकडे एकही नव्हतं. तिन्ही करून पाहिले, दहा जणींना घालायला दिले, पंधरा दिवसांनी पाय बघितले. शेवटी अस्तर राहिलं.

प्रत्येक नमुन्याच्या मागे कागद चिकटवा: कुणी केला, किती तास, किती कातडं, काय बिघडलं. बिघडलेला जोड फेकू नका. आणि एकाच वेळी तीनपेक्षा जास्त नमुने हातात घेऊ नका. तुमच्या उत्साहापायी कारागिराचे भरलेले दिवस जातात. नमुन्याच्या दिवसाची मजुरी द्या, रोजच्या दराने, त्याच संध्याकाळी.

नाव कुणाचं, हक्क कुणाचा

जून २०२५ मध्ये मिलानच्या एका फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने कोल्हापुरीसारखी चप्पल चालवली आणि इकडे गदारोळ झाला. कंपनीने नंतर प्रेरणा कोल्हापुरीची असल्याचं मान्य केलं. त्या वेळी जीआय, म्हणजे वस्तूचं नाव तिच्या मूळ प्रदेशाशी कायद्याने जोडणारं भौगोलिक मानांकन, हा शब्द घराघरात पोचला, पण त्याचा अर्थ फारसा नाही पोचला.

कोल्हापुरी चपलेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळालं. ते महाराष्ट्र आणि कर्नाटकचं मिळून आहे: इकडचे कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर, असे आठ जिल्हे. मानांकन एका माणसाचं किंवा एका दुकानाचं नसतं. पण त्या चिन्हाचा कायदेशीर वापर करायचा तर प्रत्येक कारागिराने अधिकृत वापरकर्ता म्हणून चेन्नईच्या जीआय नोंदणी कार्यालयाकडे नोंद करावी लागते. २०२०च्या दुरुस्तीत या अर्जाचं शुल्क ५०० रुपयांवरून १० रुपयांवर आणलं गेलं. गावात विचारा, किती जणांची नोंद आहे. आकडा ऐकून धक्का बसला तर फेलोशिपच्या कामाच्या यादीत हे वरच्या ओळीत घाला.

नव्या नमुन्याची गोष्ट वेगळी. पारंपरिक आकार कुणाच्या नावावर नोंदवता येत नाही, पण खरोखर नवं रूप असेल तर २००० च्या डिझाइन कायद्याखाली दहा वर्षांचं, पुढे आणखी पाच वर्षांचं संरक्षण मिळू शकतं. मात्र नोंदणीच्या अर्जाआधी ते कुठेही प्रसिद्ध झालेलं नसावं लागतं. म्हणजे उत्साहात इन्स्टाग्रामवर टाकलेला एक फोटो नवेपणा घालवून बसतो. कॉपीराइटच्या भरवशावरही राहू नका: नोंदवता येण्यासारखं डिझाइन न नोंदवता पन्नासहून जास्त नगांत काढलं की त्यावरचा कॉपीराइट संपतो. आधी घरांशी ठरवा, मग अर्ज, मग फोटो.

घरांशी ठरवायचं म्हणजे कागदावर, मराठीत, मोठ्या अक्षरांत. माझा कागद असा होता:

"मी अमुक फेलोशिपमधून तुमच्याकडे तमुक महिने शिकायला आणि काम करायला आले आहे. तुम्हाला विचारल्याशिवाय तुमचा, घराचा, पोरांचा फोटो कुठे टाकणार नाही. आपण मिळून केलेल्या नमुन्यांवर तुमचं आणि माझं दोघांचं नाव राहील. ते नमुने करून विकायचा हक्क तुमचा. मी मुदतीनंतर ते कुणाला विकणार नाही, दुसरीकडून करून घेणार नाही. तुम्हाला कधीही नको वाटलं तर सांगा, मी थांबेन."

हे वाचून दाखवलं. मामांनी सही केली, वहिनींनी विचारलं, "माझी सही कुठं?" मी त्यांच्यासाठी ओळच ठेवली नव्हती. कागद पुन्हा छापला.

आणि हेही मनात असू द्या, की डिझायनर बाहेरूनच यावा असा काही नियम नाही. कच्छमध्ये २००५ साली कलारक्षा विद्यालय आणि २०१४ साली सोमैया कला विद्या सुरू झालं, तिथे कारागीरच डिझाइन शिकतात आणि स्वतःच्या नावाने माल मांडतात. तुमच्या गावात एखादी दहावी-बारावी झालेली पोरगी असेल जिचा हात चालतो आणि तोंडही चालतं, तर तिच्या पुढच्या अर्जासाठी वेळ राखून ठेवा. त्या एका अर्जासाठी तुमचे दोन नमुने कमी झाले तरी चालतील.

निघताना

शेवटचे दोन महिने नवीन काही सुरू करू नका. फर्मे पुठ्ठ्यावरून पत्र्यावर उतरवून घ्या, मापं त्यावर कोरा. गिऱ्हाइकांचे आणि दुकानांचे नंबर तुमच्या फोनमधून त्यांच्या फोनमध्ये जाऊ द्या, आणि तुमच्यासमोर एकदा तरी त्यांनीच फोन करावा. ऑर्डर तुमच्या नावाने येत असतील तर निघण्याआधी त्या बंद होऊन त्यांच्या नावाने सुरू झाल्या पाहिजेत. अहवालाची मराठी प्रत, चार पानांची, घरोघरी द्या. इंग्रजी पन्नास पानी प्रत कार्यालयात राहील. कुणाचे पैसे द्यायचे राहिले असतील तर ते आधी द्या, मग निरोपाचं जेवण जेवा.

हिशेबाची वही मी वहिनींकडे ठेवून आले. शेवटचे सहा आठवडे त्याच लिहीत होत्या, मी फक्त बेरीज तपासत होते. निघून साडेतीन महिने झाले असतील, व्हॉट्सअॅपवर एका पानाचा फोटो आला. तीन नमुन्यांच्या तीन रकान्यांत तास आणि पैसे नीट मांडलेले. अस्तरवाल्या नमुन्यापुढे बरोबरची खूण. माझ्या लाडक्या दुहेरी वेणीवर तिरकी रेघ, आणि खाली निळ्या शाईत लिहिलेलं: "हे बंद केलं. टाइम खातंय."